चौथ्या मजल्यावरचा कॉम्प्युटर

६ तारीख, सोमवार

घर बदलायचं ठरलं. म्हणजे बायकोचं आणि मुलीचं आधीच ठरलं होतं, मला आज कळवण्यात आलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे चार फरश्यांची मोकळी जागा, की लगेच रस्ता. मालकीणबाई तीस तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत. एक तारखेला दुसरं कुटुंब उभंच आहे म्हणे.

बायकोच्या गुडघ्यांना हे चार मजले झेपत नाहीत, हे मलाही दिसतं. दोन वर्षांत ती पाच वेळा खाली उतरली आणि पाचही वेळा डॉक्टरकडे. त्यामुळे जाण्याला माझा विरोध नाही. विरोध तारखेला आहे.

एका प्राध्यापक बाईंचा वनस्पतिकोश माझ्याकडे अक्षरजुळणीला आहे. सहाशे चाळीस पानं झाली, सूची राहिली. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला छपाईला गेला पाहिजे. बाईंनी त्यात अकरा वर्षं घातली आणि माझी दोन गेली. आणि हा कोश ज्या अक्षरांत, म्हणजे ज्या फाँटमध्ये जुळवलाय, ती अक्षरं माझ्या या एकाच कॉम्प्युटरवर उमटतात. पानांची नक्कल मी वेगळी काढून ठेवली आहे, पण दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर ती उघडली की नुसत्या चौकोनांच्या रांगा दिसतात. ज्यांनी ही अक्षरं बनवली त्यांचं दुकान कधीच बंद झालं. थोडक्यात, हा डबा गेला तर कोश गेला.

म्हटलं, "आधी कोश, मग घर. दहा तारखेला जाऊ." ही भाजी निवडत होती. म्हणाली, "जाऊ की. तुम्ही म्हणाल तेव्हा." अशी उत्तरं दिली की माणसाला धड भांडताही येत नाही.

८ तारीख, बुधवार

फुंकररावांना बोलावलं. हे आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. कुठलाही बिघाड असो, आधी तो भाग काढून त्यावर फुंकर मारतात, म्हणून हिने ठेवलेलं नाव. खरं नाव मीही विसरलो.

त्यांनी डब्याची बाजू उघडली, फुंकर मारली आणि माझ्याकडे टॉर्च मागितला. डॉक्टर पुन्हा तपासायला लागला की समजायचं, तसं समजलो. आत पंख्याखाली धातूची एक जड वीट असते. ती चार प्लास्टिकच्या पायांवर उभी, म्हणजे खरं तर आडवी लटकलेली. त्यातल्या एका पायाला तडा गेलाय.

"काका, चालतोय तोवर चालतोय. याला हलवू नका."

"घर बदलतोय."

"मग आडवा न्या. वीट वर, पाय खाली. एक दणका बसला ना, की वीट सुटणार आणि सुटताना खालचं सगळं घेऊन जाणार."

"काढून वेगळी नेली तर?"

"निघेल हो. परत बसेल की नाही, ते मी कसं सांगू?"

ही चहा घेऊन आली होती. म्हणाली, "म्हणजे पायात बळ नाही आणि जिना झेपत नाही. असंच ना?" फुंकरराव खो खो हसले. एवढ्या गंभीर विषयात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

११ तारीख, शनिवार

कॉम्प्युटर ज्या खोक्यातून आला तो मूळ खोका मी अकरा वर्षं माळ्यावर जपून ठेवलाय. आज काढला, तर आत गोधड्या. विचारलं तर म्हणे, रिकामा खोका काय शोभेला ठेवायचा? बरं, गोधड्या काढल्या. पण थर्माकोलचे साचे? डाव्या बाजूचा साचा बेपत्ता. मी दिवसभर धुसफुसत होतो. या घरात माझी एक वस्तू जागेवर राहत नाही वगैरे बरंच बोललो. संध्याकाळी मुलीचा फोन आला, तेव्हा तिच्यापाशीही बोललो. ती म्हणाली, "बाबा, माझ्या सातवीच्या प्रकल्पाला तू त्याचा ज्वालामुखी करून दिला होतास."

यावर हिने काही बोलायला हवं होतं. खुदकन हसली फक्त.

सातवीतल्या मुलीचं शिक्षण संपून नोकरी लागली तरी हिच्या लक्षात होतं आणि दिवसभर मला बोलू दिलं.

१५ तारीख, बुधवार

मुलीने फोनवर सूचना सांगितल्या, त्या मी लिहून घेतल्या. आतल्या पोकळीत कागदाचे बोळे भरायचे, दाबून नाही, नुसते टेकतील असे. फुग्यांचं प्लास्टिक डब्याच्या आत घालायचं नाही, ते वीज धरतं. बाहेर चारही बाजूंनी चार बोटं फोम. वाहून नेताना आडवा, मांडीवर.

चार बोटं जाडीचा फोम बाजारात सांगून आणावा लागतो. तीन दुकानं फिरलो. एकाकडे दोन बोटांचा, एकाकडे आठ दिवसांनी, एकाने तर मी गादीच विकत घ्यावी असा सल्ला दिला. वैतागून घरी आलो आणि पाहतो तर अगदी हवा तेवढा तुकडा घरातच. ही रात्री गुडघ्यांखाली घेते ती उशी. खोळ काढून मोजली, नेमकी बसली. विचारलं, "घेऊ का?" म्हणाली, "घ्या. मला उशीच हवी, कुठलीही चालेल." लगेच मापाने कापून टाकली. एक प्रश्न सुटला. असं सगळ्यांनी सहकार्य केलं तर काम किती सोपं होतं.

स्वयंपाकघर बांधून झालेलं दिसतं. आज एकाच पातेल्यातला भात आणि त्याच पातेल्यातलं वरण होतं.

१७ तारीख, शुक्रवार

सूचीचं काम 'क'च्या पुढे सरकत नाही. बाईंनी एकेका झाडाला नऊ-नऊ नावं दिलीत. शांतपणे विचार केला आणि दुपारी मालकीणबाईंना फोन लावला. दहा दिवस थांबाल का, एवढंच विचारलं.

त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या मिसेस तर मला विचारत होत्या, पंचवीसलाच आलो तर चालेल का म्हणून! तुम्ही आला नाहीत तर एक तारखेला मी किल्ली त्या दुसऱ्या कुटुंबाला देणार, ते लोक ताटकळलेत. तुम्ही येताय की नाही, तेवढं परवापर्यंत सांगा."

सांगतो म्हटलं. फोन ठेवून वळलो तर ही दारात उभी होती, हातात सुतळी. "कोणाचा फोन?" म्हणाली. "छापखान्याचा," म्हणालो. उगाच विषय कशाला वाढवायचा?

१८ तारीख, शनिवार

खोके भरायचं काम आज अचानक बंद पडलं आहे. बैठकीतली कपाटं अर्धी भरलेली, तशीच. ही सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसली आहे. खाली फळांच्या गाडीवाला आला, त्याने वर पाहून हात केला, तरी हिने हात केला नाही. एरवी चार मजल्यांच्या अंतरावरून त्याच्याशी त्याच्या मुलीच्या परीक्षांपर्यंत गप्पा चालतात. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाली. बायकांच्या मनातलं ओळखण्याची परीक्षा असती, तर मी दर वर्षी त्याच वर्गात बसलो असतो.

दुपारी मुलीचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "बाबा, तू मालकीणबाईंना फोन केला होतास?"

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनी आईला विचारलं, नक्की काय ठरलं म्हणून. आणि आई मला म्हणाली, जाऊ दे, त्यांचं काम महत्त्वाचं आहे. बाबा, आईने दोन वर्षांत स्वतःच्या हाताने एक टोमॅटो निवडून घेतलेला नाही. तुला माहीत आहे?"

"गॅलरीतून दोरीने टोपली सोडतो, त्यातून येतात ते चांगलेच असतात."

"मी फोन ठेवते," ती म्हणाली आणि खरंच ठेवला.

तासभर सूची केली. 'ख' आणि 'ग' मिळून चुका अकरा. मग मालकीणबाईंना फोन लावला आणि एकोणतीसला नक्की येतो म्हणून सांगितलं. हिला जाऊन म्हटलं, "एकोणतीस पक्की." ती "बरं" म्हणाली. पाच मिनिटांत आतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज यायला लागला, तो जेवणापर्यंत थांबला नाही. त्या आवाजात 'घ' करावा लागला.

कोश बुडाला तर हे सगळे मला तोंड दाखवणार आहेत का? बाईंना मी काय सांगायचं? एका टोमॅटोपायी तुमची अकरा वर्षं गेली?

२४ तारीख, शुक्रवार

रंगीत तालीम घेतली. फोमसकट कॉम्प्युटरचं वजन अठरा किलो भरतं. तेवढ्याच वजनाची छापील पुस्तकं दुसऱ्या एका खोक्यात भरली आणि तो आडवा दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरलो. हमालांच्या हाती मी हा खोका देणार नाही, हे मुकादमाला परवाच बजावलंय. तो म्हणाला, "काका, आम्ही पियानो उतरवलाय." असेल. पियानोत सूची नसते.

पायऱ्या बहात्तर. खोका पुढे धरला की पाऊल दिसत नाही. आधी एक पाय खाली चाचपायचा, टेकला याची खात्री करायची, मग दुसरा त्याच पायरीवर आणायचा. खांदा भिंतीला घासत ठेवायचा, कारण कठड्याला धरायला हात मोकळा नाही. पहिल्या वळणावर पोटऱ्या थरथरायला लागल्या. दुसऱ्या वळणावर खोका कठड्यावर टेकवून उभा राहिलो. वरच्या मजल्यावरचे शेजारी शिट्टी वाजवत दोन-दोन पायऱ्या गाळून उतरून गेले, तेव्हा त्यांना मनातल्या मनात जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. खाली पोचायला चौदा मिनिटं लागली आणि गुडघ्यांत कोणीतरी वाळू ओतल्यासारखं झालं.

वर आलो तर ही दारात उभी राहून सगळं बघत होती.

"मी अशीच उतरते," म्हणाली.

म्हटलं, "इथे विषय कॉम्प्युटरचा चाललाय."

"हो, मी आपली माहिती दिली."

कुठलीही गोष्ट काढा, ही स्वतःवर आणणार. मला आधीच धाप लागली होती. सूची 'प'पर्यंत आली.

आज कुठलीही कूस धड लागत नाहीये. गुडघ्याखाली घ्यायला काही आहे का पाहिलं. उशी होती, पण पातळ. निसटते सारखी. हिला कशी चालते कोणास ठाऊक.

२८ तारीख, मंगळवार

सूची 'श'पर्यंत. उरलेली तिकडे. कॉम्प्युटर बंद केला. बंद करताना पडदा काळा झाला, तेव्हा आपण उगाच घाई केली असं फार वाटलं.

बोळे भरले. डबा पिशवीत, पिशवी फोममध्ये, फोम खोक्यात. वर तीन थर चिकटपट्टी. सहा बाजूंना बाण काढले आणि लिहिलं, "वरची बाजू हीच. आदळू नये. उभा करू नये. टेकू नये. विचारल्याशिवाय हात लावू नये." हिने वाचून विचारलं, "यात ठेवलंय कोणाला?" मुलगी फोनवर होती, तिला म्हणाली, "अगं, सवतीची पाठवणी आहे, वेळ लागणारच."

मग लक्षात आलं.

कुठली वायर कुठे जोडायची याची मी चार पानी यादी केली होती. प्रत्येक वायरचा रंग, टोकाचा आकार, मागच्या बाजूची आकृती. अतिशय तपशीलवार. ती मी कॉम्प्युटरवर टाईप केली, कॉम्प्युटरवरच ठेवली, प्रिंटर कालच बांधला गेल्यामुळे छापली नाही आणि कॉम्प्युटर तीन थर चिकटपट्टीत बंद केला. यादी पाहायची तर कॉम्प्युटर लावायला हवा. कॉम्प्युटर लावायचा तर यादी हवी.

मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, वायरी सहा आहेत. एकीचं टोक दुसरीच्या भोकात बसतच नाही. जिथे बसेल तिथे बसव."

चार पानं मी तीन दिवस खपून केली होती. हे तिला आधी सांगता आलं नसतं?

२९ तारीख, बुधवार

मांडीवर वही घेऊन लिहितोय, अक्षर वाईट येईल.

मुकादम आणि त्याचे दोघे सातला आले, अकराला घर रिकामं. रिकाम्या घरात आम्ही दोघं आणि माझा खोका. बेत असा, की मी आधी उतरायचं, खोका टेम्पोत पुढच्या सीटवर मांडीवर घ्यायचा. ही मागून सावकाश येईल. मुकादमाने हिला विचारलं, "काकू, खुर्चीत बसा, आम्ही दोघं उचलून नेतो खाली. दोन मिनिटांचं काम." ही म्हणाली, "मी सामान नाही." आणि कठड्याला धरून पहिली पायरी उतरलीसुद्धा.

झालं. जिना अरुंद. ही पुढे आणि मी मागे अठरा किलो घेऊन. पुढे जायला जागा नाही. "जरा बाजूला होतेस का?" म्हटलं. "कुठे होऊ?" म्हणाली. खरंच, जागा नव्हती. मग काय, एक पाय खाली, दुसरा त्याच पायरीवर. ती थांबली की मी थांबायचं. माझी बोटं बधिर होत चाललेली. मी मागून सारखा "चल, चल" म्हणत होतो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती म्हणाली, "तुम्ही मागून चल म्हणालात की मला पायरी दिसत नाही." तेव्हा गप्प बसलो.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये तिचा गुडघा अडकला. वाकेना आणि सरळही होईना. कठड्यावरच्या हाताची बोटं पांढरी झाली आणि ती एका बाजूला कलायला लागली. माझ्या हातात खोका. टेकवायला जागा नाही, कारण पायऱ्या अरुंद आणि खोका रुंद. खालून मुकादम रिकामा वर येत होता.

मी म्हटलं, "धर." त्याने विचारलं, "काका, नक्की? तुम्हीच म्हणाला होतात—" मी ओरडलो, "धर रे बाबा!"

त्याने तो घेतला आणि सरळ खांद्यावर टाकला, उभा, पोत्यासारखा. बाण सगळे जमिनीकडे. मी ते पाहिलं आणि मग पाहिलं नाही. मी तिच्या पुढच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो, तिने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि मी उलटा, एकेक पायरी पाठमोरा उतरलो. नजर तिच्या पावलांवर. एक, थांब. दोन, थांब. उजव्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय, हे मला आज दिसलं. हिने कधी सांगितलं नाही. सांगायला नको?

शेवटच्या अठ्ठावीस पायऱ्यांना किती वेळ लागला, मोजलं नाही. खोका कसा उतरला, मला माहीत नाही. टेम्पोत पुढे दोघांचीच जागा, ड्रायव्हर आणि आणखी एक. तिथे ही बसली. खोका मागे गोधड्यांवर. मी खोक्याशेजारी. प्रत्येक खड्ड्याला आतून खुळखुळ आवाज येत होता.

३० तारीख, गुरुवार

खोका उघडला नाही. तिरका केला की आत काहीतरी खुळखुळतं. फुंकररावांना फोन केला. म्हणाले, "उघडून बघा की." बघण्याचं धैर्य असतं तर फोन कशाला केला असता?

बाईंचा निरोप आला, काम कुठवर आलं. "शेवटच्या टप्प्यात" असं कळवलं. कोणाच्या शेवटच्या, ते लिहिलं नाही.

ही सकाळी दार उघडून पुढच्या चार फरश्यांवर उभी होती. चहाच्या वेळी पाहिलं तर नाही. अर्ध्या तासाने आली, हातात पिशवी. टोमॅटो. टेबलावर एकेक मांडले, जसे काही बक्षिसात मिळालेत. मला म्हणाली, "बघा, एकही मऊ नाही." मी खोक्याकडे बघत होतो. "छान," म्हटलं. तिने माझ्या हातात एक दिलाच. खरंच मऊ नव्हता.

२ तारीख, शनिवार

उघडला. हिनेच कात्री आणून दिली आणि म्हणाली, "असेल ते असेल. नुसतं बघत बसून काय होणार?" आतून खुळखुळत होता तो एक स्क्रू निघाला. फुंकररावांनी आठ तारखेला झाकण लावताना आत टाकून दिलेला. चार दिवस माझा रक्तदाब त्या स्क्रूवर टांगलेला होता! वीट जागच्या जागी. तडा गेलेला पायही जागच्या जागी. सहा वायरी जिथे बसल्या तिथे बसवल्या. बटण दाबलं. दोनदा खोकला आणि सुरू झाला.

फुंकररावांना फोनवर जे बोलायचं ते बोललो. ते म्हणाले, "पण वाचला ना, काका?" उभा, उलटा, खांद्यावर आणि गोधड्यांवर येऊनही वाचला. मग फोम, बाण आणि चौदा मिनिटांची तालीम कशासाठी होती? मुकादमाला मात्र कळता कामा नये.

४ तारीख, सोमवार

सूची 'ह'वर. उद्या द्यायचंय. शांतता हवी, तर या घरात शांतता औषधालाही नाही. दार दिवसभर उघडं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस हिच्याशी दोन वाक्यं बोलून जातो. पाच दिवसांत हिला पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची, त्यांच्या जावयाची आणि त्या जावयाच्या पाठदुखीची माहिती झाली आहे. मी जुन्या घरात पस्तीस वर्षं राहिलो, शिट्टीवाल्या शेजाऱ्याचं आडनाव मला ठाऊक नाही.

पाच वाजता ही पायात नव्या चपला घालून दारात उभी. "येताय ना?"

"शेवटची दोन पानं राहिलीत. पंधरा मिनिटं थांब."

एरवी ती थांबते. डॉक्टरकडे जाताना वरच्या पायरीवर कठड्याला धरून, मी दाराला कुलूप लावून हात देईपर्यंत थांबायची. एकदा मी फोनवर होतो तर वीस मिनिटं थांबली होती. आज म्हणाली, "तुम्ही या मागून. मी होते पुढे."

आणि गेली.

'मी होते पुढे.' हे वाक्य मी शेवटचं कधी ऐकलं, आठवत बसलो. 'ह'मधली चार नावं चुकीच्या क्रमाने लागली. खोडली. परत लावली, परत चुकली. शेवटी कॉम्प्युटर तसाच सुरू ठेवून उठलो. चपला सापडेनात. नव्या घराचं कुलूप उलट्या दिशेने फिरतं, त्यात पाच मिनिटं गेली. माणूस दोन मिनिटं थांबला तर काय बिघडतं?

कोपऱ्यापर्यंत गेलो. दिसेना. फळांच्या दुकानापाशी नाही, शिंपीणबाईंच्या दारात नाही. रस्ता पुढे दोन्हीकडे सरळ गेलेला, माणसांनी भरलेला आणि त्यात ही कुठेच नाही. दोन वर्षं मला ती नेमकी कुठे आहे हे कधी शोधावं लागलं नव्हतं. भर रस्त्यात बायकोला हाक मारणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

मारली. दोनदा मारावी लागली. फार लांब गेली होती.